लॅबचं घरात नको

मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीच्या टोकाला, 'मगदूम इम्युनो' नावाची तीन मजली इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर भिंतीला एका पांढऱ्या उंदराचा फोटो लावलेला आहे आणि फोटोला चंदनाचा हार. नवीन माणूस कामाला लागला की तो फोटो बघून हसतो. मग कोणीतरी त्याला कोपरानं ढोसतं आणि तो गप्प होतो.

उंदीर साधासुधा नव्हे, कंपनीचा मूळपुरुष. डॉ. पद्मावती मगदूम विद्यार्थिनी होत्या तेव्हा त्यांनी त्याला माणसाच्या पेशी टोचल्या, त्याच्या प्लीहेतल्या पेशी काढून घेतल्या आणि एका कर्कपेशीशी त्यांची गाठ मारून त्यांना अमर केलं. उंदीर अर्थातच मेला. पेशी मात्र अजून द्रव नायट्रोजनच्या टाकीत आहेत. बाहेर काढून खाऊपिऊ घातलं की एकच एक प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक खुणेलाच जाऊन चिकटणारं प्रथिन, बनवत बसतात. त्या प्रतिपिंडाचं नाव पीएम-सात. उंदीर मेला त्या संध्याकाळी पद्मावतीबाई गावात आलेल्या जैन साध्वी माताजींच्या दर्शनाला गेल्या आणि तिथं त्यांनी नियम घेतला, की यापुढं माझ्या हातून एकही प्राणी मरणार नाही. नियम त्यांनी पाळला. लॅबच्या नळालासुद्धा त्या फडकं बांधून पाणी गाळून घेत. कंपनीच्या खोक्यांवर हिरव्या अक्षरांत 'अहिंसक' छापलेलं असायचं ते उगाच नव्हे.

भाद्रपदात पर्युषणाचे दहा दिवस संपले की क्षमावणी येते. त्या दिवशी बाई लॅबमधल्या प्रत्येकापुढं, अगदी वॉचमनपुढंही, हात जोडून म्हणत, “उत्तम क्षमा.” समोरच्यानंही तेच म्हणायचं, की वर्षभराचं मिटलं. सुरुवात मात्र उंदरापासून व्हायची. त्याच्यापुढं त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. ते खोटं होतं असं कुणी म्हणू नये.

संयुक्ता त्यांची सून. ती आधी लॅबमध्ये आली आणि मग घरात. “पिपेट धरायची पद्धत बघून सून केली मी,” असं पद्मावतीबाई पाहुण्यांना सांगायच्या. मुलगा सन्मती विक्रीचं बघायचा. माणूस वाईट नव्हता. आई बस म्हणाली की बसायचा, एवढंच. घरात एक शिस्त होती. लॅबमध्ये सासूला 'मॅडम' म्हणायचं आणि घरी 'आई'. जेवताना पेशींचा विषय काढायचा नाही, लॅबमध्ये घरचं गाऱ्हाणं आणायचं नाही. “लॅबचं घरात नको, घरचं लॅबमध्ये नको,” हे वाक्य संयुक्तानं लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि तिला ते फार आवडलं होतं.

आता थोडं विज्ञान. घाबरायचं कारण नाही, मगदूमांच्या घरच्या पाण्यासारखं गाळून घेतलेलं आहे.

माणसाच्या रक्तात 'नैसर्गिक मारेकरी' नावाच्या पेशी फिरत असतात. नावावर जाऊ नये. या पेशी दिवसभर फक्त ओळख विचारत हिंडतात. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर घरची अशी एक खूण असते. मारेकरी पेशीच्या अंगावरचा ग्राही ती खूण चाचपतो, आणि खूण हाताला लागली की आत ब्रेक दाबला जातो. खूण सापडली नाही तर ब्रेक लागत नाही आणि समोरची पेशी मरते. म्हणजे मारायचं कसं यापेक्षा कुणाला मारायचं नाही, हेच या पेशींनी जास्त घोकलेलं असतं.

गर्भाशयात त्यांचं काम आणखी निराळं. तिथं त्या मारत नाहीत, वाट मोकळी करतात. बाळाच्या वारेला रक्त मिळावं म्हणून आईच्या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात आणि त्यासाठी या पेशींना हातपाय हलवावे लागतात. पण बाळाच्या अंगावर अर्धी खूण बापाची असते. काही बायकांचा ब्रेक बापाच्या एका ठरावीक खुणेवर इतका घट्ट बसतो की पेशी सुस्तावतात. वाहिन्या अरुंद राहतात, वार उपाशी राहते आणि पुढं सातव्या-आठव्या महिन्यात आईचा रक्तदाब चढतो. मग झटके येतात. कधी बाळ जातं, कधी आई, कधी दोघंही.

पीएम-सात बरोबर त्या ब्रेकला जाऊन चिकटायचं. पद्मावतीबाईंनी त्यावरून एक पट्टी बनवली. बाईच्या बोटातलं थेंबभर रक्त आणि पुरुषाची थुंकी, की पट्टीवर रेघ उमटायची. हिरवी म्हणजे निर्धास्त, पिवळी म्हणजे जपून, लाल म्हणजे या जोडीनं मूल होऊ देऊ नये. पट्टीचं नाव 'स्वीकार'. औषधाच्या दुकानात मिळायला लागल्यावर दोन-तीन वर्षांत ती कुठल्या कुठं गेली. पत्रिकेत गुण जुळोत, देणंघेणं ठरो, पोहे संपले की मुलाची आई विचारायचीच, “रेघ कुठली आली?”

पण पहिली लाल रेघ बाजारात उमटली नाही. पट्टी बाहेर पडण्याआधी लॅबमधल्या सगळ्या बायकांनी हौसेनं नवऱ्यांची थुंकी आणली, बोटं टोचून घेतली. सगळ्यांच्या हिरव्या-पिवळ्या आल्या. संयुक्ताची लाल आली. आणि संयुक्ताला दिवस गेले होते; अजून फक्त घरातच माहीत होतं.

मॅडमनी पट्टी खिडकीशी नेऊन पाहिली. दुसरी घेतली. तिसरी घेतली.

“आई, काय झालं?” संयुक्ता लॅबमध्ये पहिल्यांदाच चुकून 'आई' म्हणाली. मॅडमनी चूक दाखवली नाही. तेव्हाच तिनं ओळखलं.

घरी गेल्यावर पद्मावतीबाईंनी तिला शेजारी बसवलं. “माझी थोरली बहीण अशीच गेली,” त्या म्हणाल्या. “आठव्या महिन्यात. झटके यायला लागल्यावर तिच्या दातांत चमचा धरून मी बसले होते. जन्मभर हे शोधत बसले ते तिच्यासाठी. आणि आता माझ्याच घरात हे बघू?”

“पण लाल म्हणजे होणारच, असं थोडंच आहे?”

“शंभरात चाळीस जणींना होतं. चाळीस कमी वाटतात तुला?”

“तो पण जीवच आहे ना, आई.”

“मला शिकवतीस?” त्यांचा आवाज फाटला. “नियम माझा आहे. पाप मी घेते. तू फक्त जग.”

सन्मतीनं तिचा हात धरला. “आई म्हणती ते बरोबर आहे. तू असलीस की सगळं आहे.”

संयुक्ता शिकलेली होती. ब्रेकचा एक जुळा असतो, असं तिनं कधीतरी वाचलेलंही होतं. पण घाबरलेल्या माणसाला शिकलेलं आठवत नाही, आणि सासू प्रेमानं रडत असताना तर नाहीच. 'पाप मी घेते' असं बाई म्हणाल्या खऱ्या, दवाखान्यात गर्भपाताच्या कागदावर सही मात्र संयुक्तानं केली. कायदा तसाच आहे. नंतर पद्मावतीबाईंनी तिचं जेवढं केलं तेवढं सख्ख्या आईनं केलं नसतं. डोकं मांडीवर घेऊन केस विंचरायच्या, मऊ भातावर तूप घालून भरवायच्या. सोनोग्राफीचा एक कागद तेवढा संयुक्तानं कपाटात साड्यांखाली ठेवला. काळ्या कागदावर वाटाण्याएवढा ठिपका होता.

पुढं झालं ते असं. पट्ट्यांचा प्रत्येक नवा घाणा निघाला (लॅबमध्ये एका वेळच्या मालाला घाणाच म्हणत) की तो बरोबर चालतो का हे बघायला खात्रीचा लाल नमुना लागतो. पहिला लाल नमुना घरचाच होता. संयुक्ताचं रक्त भरपूर काढून त्यातल्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. नमुना तपासायचं कामही संयुक्ताचंच. दर घाण्याला ती स्वतःच्या पेशी टाकीतून काढायची, पीएम-सात घालायची आणि यंत्रात सोडायची. यंत्रात पेशी एकामागं एक लेसरपुढून जातात आणि प्रतिपिंड चिकटलेली पेशी चमकते. पडद्यावर लाल डोंगर उभा राहिला की घाणा पास. बाजारातल्या प्रत्येक पट्टीची 'लाल' म्हणजे किती लाल, हे संयुक्ताच्या रक्तावरून ठरत होतं. सुरुवातीला ती हसून म्हणायची, “आला बघा माझा डोंगर.” मग म्हणेनाशी झाली.

गावात आता 'लालवाली' असा शब्द रूढ झाला होता. चंदना म्हणजे पद्मावतीबाईंची धाकटी लेक, इचलकरंजीला दिलेली. तिची रेघ हिरवी. तिच्या डोहाळजेवणाला मगदूमांचं सगळं घर गेलं. बायका एकेक करून ओटी भरत होत्या. संयुक्ता नारळ घेऊन उठली तशी चंदनाच्या सासूबाई पुढं आल्या.

“राहू दे ओ वहिनी. तुम्ही दमला असाल, बसा की तिथं पंख्याखाली.”

सगळ्यांना कळलं. पद्मावतीबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना असल्या गोष्टींचा खरोखर राग होता, पण व्याह्यांच्या घरी त्या काही बोलल्या नाहीत. संयुक्ता नारळ मांडीवर घेऊन पंख्याखाली बसली. तिथून तिला चंदनाचे पाय दिसत होते. पैंजण मांसात रुतले होते.

पंगत उठल्यावर तिनं चंदनाला गाठलं. “पाय कधीपासून सुजलेत गं?”

“झाला की महिना.”

“रक्तदाब बघितलास?”

“कशाला? हिरवी आहे की मी,” चंदना हसली. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, “मला नाही हं काही वाटत तुमच्याबद्दल, वहिनी. सासूबाईंचं जुनं वळण आहे, सोडून द्या.”

संयुक्ता सोडून देणार होती. पण ते पैंजण तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. हिरवीचे पाय असे का सुजावेत? बेंगळुरूला तिची एक मैत्रीण होती, मारेकरी पेशींवरच काम करणारी. तिच्याकडून तिनं परदेशी प्रतिपिंडाची एक छोटी कुपी मागवली. हे प्रतिपिंड ब्रेकला धरायचं आणि त्याच्या जुळ्याला सोडून द्यायचं.

त्या जुळ्याचं प्रकरण असं. ब्रेकसारखाच एक दुसरा ग्राही काही बायकांच्या पेशींवर असतो. बाहेरून चेहरा जवळजवळ तोच, बापाची तीच खूण धरतो. पण पेशीच्या आत गेलेलं त्याचं शेपूट उलट्या कामाचं आहे. तो ब्रेक लावत नाही, गाडीला रेस देतो. ज्या बाईकडे हा जुळा आहे तिच्या पेशी बापाची खूण लागली की जोमानं कामाला लागतात आणि वाहिन्या चांगल्या रुंद होतात. अशा बाईला धोका कमी. पीएम-सात मात्र फक्त चेहरा बघायचं. शेपूट पेशीच्या आत, तिथं त्याचा हात पोचत नाही. ब्रेक दिसला की चिकटायचं, रेस दिसली तरी तितक्याच प्रेमानं चिकटायचं.

हे पद्मावतीबाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. “जुळा असतो, पण विरळा,” असं त्या सुरुवातीपासून म्हणायच्या. विरळा आहे का हे बघायला दोघांना वेगळं ओळखणारं प्रतिपिंड हवं होतं. स्वतःचं करायचं तर नवे उंदीर मारावे लागले असते, आणि दुसऱ्यानं मारून केलेलं विकत घेणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. म्हणून ते बघायचं राहून गेलं.

संयुक्तानं आपल्या पेशी काढल्या आणि नव्या कुपीतला थेंब घातला. पडद्यावर काहीच उभं राहिलं नाही. तिनं यंत्र धुतलं, पुन्हा केलं. पुन्हा सपाट. तिच्या पेशींवर ब्रेक नावालाही नव्हता. तो सगळा लाल डोंगर रेसचा होता.

मग तिनं चंदनाचा, तिची रेघ बघितली तेव्हा गोठवून ठेवलेला नमुना काढला. तिची हिरवी रेघ म्हणजे चमक थोडी. पण जेवढी होती तेवढी सगळी ब्रेकची, आणि तिला सोडवायला जुळा नाही.

संयुक्ता खुर्चीतून उठून जमिनीवर बसली. तिचं बाळ त्या इमारतीतल्या कुठल्याही बाईच्या बाळापेक्षा सुखरूप होतं. त्याला धोका एकाच गोष्टीचा होता आणि ती गोष्ट आता खोक्यात भरून त्याचा बाप विकत होता. भिंतीवरच्या उंदराचा तिला असा संताप आला की तो फोटो काढून आपटावासा वाटला. पण उंदरानं बिचाऱ्यानं काय केलं होतं?

मगदूमांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवण होतं. ताटं वाढली होती. संयुक्तानं सांगितलं, “आई, परदेशी प्रतिपिंड लावून बघितलं. माझ्यात ब्रेक नाहीच. सगळी रेस आहे. आणि चंदनाच्यात नुसता ब्रेक आहे.”

पद्मावतीबाईंचा हात ताटात थांबला. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. चाळीस वर्षं हेच काम केलेल्या बाईला प्रश्न विचारायची गरज नव्हती. मग त्यांनी घास उचलला.

“जेवताना हे नको.”

“आई, माझं बाळ सुखरूप होतं.”

“संयुक्ता. लॅबचं घरात नको.”

सन्मती ताटाकडे बघत म्हणाला, “भाकरी घे, गार होतीय.”

संयुक्ता उठली आणि दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर गेली. थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. पद्मावतीबाई पाण्याच्या टाकीच्या पलीकडं जाऊन उभ्या राहिल्या. वाळत घातलेल्या चादरीमुळं त्यांना सून दिसली नाही. त्या फोनवर बोलत होत्या.

“चंदना, आहेस तशी दवाखान्यात जा. आत्ता. हिरवी-बिरवी राहू दे. नाही, पट्टीचं नावसुद्धा काढायचं नाही तिथं. पाय सुजलेत एवढंच सांग. मी सांगितलं म्हणून कुणाला बोलू नको. जा बाळ, पळ.”

संयुक्ता चादरीआड तशीच उभी राहिली. ताटावरून उठून गच्चीवर येईपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात बाईंना सगळं पटलं होतं. फक्त लेकीपुरतं.

चंदनाचा रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टरांनी घरी परत सोडलंच नाही. पोट उघडून बाळ काढावं लागलं. मूठभर मुलगी, काचेच्या पेटीत राहिली, पण जगली. चंदनाही जगली. संयुक्ताला आनंद झाला, खरा आनंद, आणि त्या आनंदाची तिला चीडही आली.

मग ती लॅबमध्ये मॅडमच्या खोलीत गेली. लॅबचंच होतं, तेव्हा लॅबमध्ये बोलायला हरकत नव्हती.

“मॅडम, पट्टी बंद करा. आणि सगळ्यांना सांगा.”

मॅडमनी दार लावून घेतलं. “बस. आजवर किती जणी लाल आल्या असतील? त्यातल्या किती जणींनी पोट खाली केलं असेल? त्यांना घरोघर जाऊन सांगू, की बायांनो, उगाच केलंत? तुला कळून काय मिळालं? झोप गेली. तशी सगळ्यांची घालवू?”

“आणि उद्या लाल येतील त्यांचं काय?”

“त्यांच्यासाठी वेगळं ओळखणारं प्रतिपिंड करू. आपलं स्वतःचं.”

“उंदीर लागतील.”

“लागतील.” मॅडमनी चष्मा काढून पुसला. “मला नियम आहे. तुला नाही.”

नाही म्हणावं तर आंधळी पट्टी चालूच राहणार होती. “करते,” संयुक्ता शेवटी म्हणाली. “पण येत्या क्षमावणीला तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं. पट्टी चुकली म्हणून. माझ्या बाबतीत चुकली म्हणून, माझं नाव घेऊन. मला दुसरं काही नको.”

“सांगेन.”

“शब्द?”

“शब्द.”

उंदीर आले. तिसऱ्या मजल्यावर त्यांचे पिंजरे ठेवले आणि मॅडमनी तिसऱ्या मजल्यावर जाणं बंद केलं. संयुक्ता त्यांना टोचायची, दाणे घालायची, आणि दिवस भरले की एकेकाची मान धरायची. दारं लावून करायची. पाप मी घेते, असं या वेळी कुणी म्हणालं नाही. पुष्कळ उंदीर गेले तेव्हा एकाच्या पेशी हव्या तशा निघाल्या. नवं प्रतिपिंड ब्रेकला धरत होतं, रेसला सोडत होतं. स्टोअरवाल्यानं त्या उंदराचाही फोटो मढवून पहिल्याच्या शेजारी लावला. 'नवा स्वीकार'ची खोकी छापून आली. त्यांच्यावर 'अहिंसक' तसंच होतं. काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

“जुना माल तेवढा संपू दे,” सन्मती म्हणाला. “गोदाम भरलंय नुसतं.”

“त्याच पट्टीनं तुझं मूल गेलं, सन्मती.”

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, “मला माहिती आहे. पण आता बोलून काय उपयोग?” आणि जुना माल जात राहिला.

क्षमावणीच्या दिवशी संयुक्ता सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये आली आणि दोन उंदरांच्या शेजारी तिनं तिसरा फोटो लावला.

सगळे भिंतीसमोर उभे राहिले. मॅडम पांढऱ्या साडीत आल्या. हात जोडून म्हणाल्या, “एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत ज्या कुणा जीवाला माझ्याकडून कळत-नकळत दुःख झालं असेल, त्या सगळ्यांची मी क्षमा मागते.” पहिल्या उंदरापुढं त्यांचे डोळे भरले. दुसऱ्यापुढं पुन्हा भरले. मग त्या तिसऱ्या फोटोपाशी आल्या. काळा कागद, त्यावर वाटाण्याएवढा ठिपका. सोनोग्राफी झाली त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर चष्मा लावून सगळ्यांत आधी त्यांनीच तो उजेडात धरून पाहिला होता.

“हे कुणी लावलं?”

“मी, मॅडम,” संयुक्ता म्हणाली. “आज सांगायचं ठरलंय.”

सन्मतीच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. मॅडमनी फ्रेम हलक्या हातानं काढली, पदरानं काच पुसली आणि संयुक्ताच्या हातात दिली. आवाज अगदी मऊ होता.

“हे घरचं आहे, बाळ. घरचं लॅबमध्ये नको.” मग त्यांनी तिच्यापुढं हात जोडले. “उत्तम क्षमा.”

सगळे तिच्या उत्तराची वाट बघत होते. दोन शब्दांचं काम होतं.

“घरी काढलं की ते लॅबचं होतं,” संयुक्ता म्हणाली. “लॅबमध्ये काढलं की घरचं होतं. मग याची क्षमा तुम्ही मागणार कुठं? जिन्यात?”

मॅडमच्या तोंडावरची एक शीर उडाली. बस, तेवढंच. त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. “उत्तम क्षमा, काका.” वॉचमन घाईघाईनं म्हणाला, “उत्तम क्षमा, मॅडम,” आणि ओळ पुढं सरकली. सन्मती पुडा सोडायला लागला. दोरीची गाठ त्याला सुटेना.

संयुक्ता फ्रेम घेऊन खाली उतरली आणि फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. रस्ता ना घरचा होता ना लॅबचा. दुकानातल्या पट्टीवर लाल आलेल्या बायका फेरतपासणीला इथंच येत. फेरतपासणीही अजून पीएम-सातनंच व्हायची आणि लालच यायची.

एक रिक्षा थांबली. विशीबाविशीची मुलगी उतरली, तोंड सुकलेलं, एक हात ओटीपोटावर. मागून तिची सासू.

“लाल आली का?” संयुक्तानं विचारलं.

मुलीनं मान हलवली.

“ऐक. ही पट्टी आंधळी आहे. लाल आली म्हणजे धोका आहेच असं नाही. काढू नकोस. दुसरी तपासणी करून घे, मी पत्ता देते. मी इथंच काम करते. हे बघ, माझं असंच गेलं.” तिनं फ्रेम पुढं केली.

मुलगी वाकून बघायला लागली. सासूनं संयुक्ताला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तुझी रेघ कुठली गं?”

खोटं बोलणं सोपं होतं. “लाल,” संयुक्ता म्हणाली.

“मग! लालवाली दुसरीला आणि काय सांगणार हाय? आपलं गेलं तसं दुसरीचं बी घर बुडावं म्हणून उभारलीय हितं.” तिनं सुनेचा दंड धरला. “चल गं आत. मोठ्या डॉक्टरीणबाई हायत, त्या सांगतील ते खरं.”

मुलगी वळून वळून बघत होती. “पण आत्याबाई, त्या म्हणतात ते एकदा...”

“चल म्हटलं ना.”

काचेचं दार आतून उघडलं. आज क्षमावणी, म्हणून पद्मावतीबाई स्वतः दारात आल्या होत्या. त्यांनी त्या दोघींनाही हात जोडले, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला आत घेतलं. दार मिटताना त्यांची नजर क्षणभर रस्त्यावर आली आणि फ्रेमवर थांबली. मग त्यांनी कडी लावली.

पुढची रिक्षा येऊन थांबली. संयुक्तानं पदरानं काचेवरची धूळ पुसली आणि फोटो वर धरला.